एक्सल वाजण्याआधी रबर फाटलेलं असतं

स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटी, नेक्सॉन. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना मिळते आणि गाडी वळवण्याचं कामही त्याच दोन चाकांच्या गळ्यात असतं. गिअरबॉक्स आपल्या जागी पक्का बसलेला असतो. चाक मात्र खड्डा आला की वर-खाली होणार, स्टिअरिंग फिरवलं की तिरकं होणार, आणि पूर्ण फिरवलं तर पार पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत. हे सगळं चालू असताना त्याला न अडखळता फिरवत ठेवायचं. हे काम करणारा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, गॅरेजच्या बोलीत नुसता ‘एक्सल’. डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे अशा गाडीत एकूण चार सीव्ही जॉइंट.

सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. शाफ्ट ज्या वेगाने फिरतो, क्षणोक्षणी त्याच वेगाने चाकही फिरलं पाहिजे, मधला कोन कितीही असो. यात विशेष ते काय, असं वाटणं साहजिक आहे. विशेष काय ते आधीच्या पिढीचा सांधा पाहिला की कळतं.

ॲम्बॅसेडर किंवा मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मधे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. आजच्या इको आणि बोलेरोतही तीच मांडणी आहे. त्या शाफ्टला जो सांधा असतो त्याला मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणतात: दोन काटे एकमेकांत काटकोनात अडकवलेले आणि मधे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. साधा, दणकट, स्वस्त. त्याची एकच खोड आहे. तिरका झाला की तो एकसारखा फिरत नाही. अलीकडचा शाफ्ट अगदी एका वेगाने फिरत असला, तरी पलीकडचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, तो खपून जातो. त्यातून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस नीट जुळवून बसवला, तर एकाची खोड दुसरा मोडतो. (म्हणूनच प्रोपेलर शाफ्ट खोलण्याआधी चांगला मेकॅनिक दोन्ही भागांवर खूण करून ठेवतो.) पण कोन ४० अंशांचा झाला की हिशेब पार बिघडतो. शाफ्टचा वेग १०० धरला, तर चाकाचा वेग एकाच फेरीत ७७ पर्यंत घसरतो आणि १३० पर्यंत चढतो. असा सांधा पुढच्या चाकाला लावून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तर गाडी धक्के खात वळेल आणि स्टिअरिंग हातात थडथडेल.

पुढच्या चाकांवर गाडी चालवायची कल्पना जुनीच होती, ती अडली होती या सांध्यापाशी. १९२०च्या दशकात बऱ्याच जणांनी यावर डोकं चालवलं. त्यांतला आल्फ्रेड रझेप्पा हा फोर्ड कंपनीतला इंजिनिअर. आज तुमच्या गाडीत चाकाच्या बाजूला जो जॉइंट आहे, तो बहुधा त्याच्याच रचनेवर बेतलेला असतो. बाहेर एक पोलादी कप, आत एक गोलसर गाभा, दोघांवर समोरासमोर सहा वक्र खाचा, आणि प्रत्येक खाचेच्या जोडीत एकेक छर्रा. सहाही छर्ऱ्यांना एका पातळीत धरून ठेवणारी एक कडी असते, तिला केज म्हणतात. ताकद गाभ्याकडून छर्ऱ्यांकडे आणि छर्ऱ्यांकडून कपाकडे जाते.

सगळं मर्म आहे ते छर्रे कुठल्या पातळीत राहतात यात. सुतार चौकटीचा कोपरा जुळवताना दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापतो. सांध्याची रेघ दोन्ही पट्ट्यांशी सारखाच कोन करते, त्यामुळे कुठली पट्टी उभी आणि कुठली आडवी याने सांध्याला काही फरक पडत नाही. रझेप्पाच्या जॉइंटमध्ये छर्ऱ्यांची पातळी अशीच बरोबर अर्ध्या कोनावर राहते. शाफ्ट आणि चाक यांच्यात ४० अंश असतील, तर छर्रे दोघांपासून २०-२० अंशांवर. खाचांचे वक्र मुद्दाम अशा बेताने कोरलेले असतात की कोन बदलला की छर्रे आपोआप नव्या मध्यावर सरकतात. दोन्ही बाजूंना ते सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात. मागे रेंगाळणं नाही, पुढे धावणं नाही.

हा सांधा घराघरांत पोहोचायला मात्र वेळ लागला. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिसची मिनी आली. इंजिन आडवं, चाकं पिटुकली आणि चाकाशी याच जातीचा सांधा. छोट्या गाडीची ती मांडणी पुढे जगभर उचलली गेली. आपल्याकडे ती सामान्य घरात पोहोचली डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० च्या रूपाने. तोवर क्रॉस आणि प्रोपेलर शाफ्टवर हात बसलेल्या मेकॅनिकना मग पुढचे एक्सल शिकावे लागले.

गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट वेगळा असतो. त्याला फारसं वळावं लागत नाही, कारण स्टिअरिंगचा कोन सगळा चाकाच्या बाजूला. पण चाक वर-खाली झालं की गिअरबॉक्स आणि चाक यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतं आणि शाफ्टची लांबी तर ठरलेली. तेव्हा कुठे तरी आत-बाहेर सरकायला जागा हवी. ती हा आतला जॉइंट देतो. त्यात बहुधा तीन रोलर असतात, तीन सरळ खाचांत बसलेले. ते फिरवतातही आणि सरकतातही. याला ट्रायपॉड म्हणतात. बाहेरचा वळतो, आतला सरकतो, एवढं ध्यानात राहिलं तर पुढे आवाज ओळखायला सोपं जाईल.

आता आयुष्याचं बोलू. छोट्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण ५०० फेऱ्या मारतं. लाख किलोमीटरला झाल्या ५ कोटी. एवढ्या फेऱ्या हा जॉइंट निमूटपणे मारतो, आणि त्याहून बऱ्याच जास्तही मारू शकतो. कडक केलेलं पोलाद, छर्रे आणि खाचा यांच्यातला नेमका ताळमेळ आणि भोवती ग्रीस. त्याला मधे तेल द्यावं लागत नाही, ग्रीस मारायला निपलही नसतो. कारखान्यात भरलेलं काळं ग्रीस आयुष्यभराचं असतं. त्यात मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं असतं, त्यामुळे दाब बराच वाढला तरी धातू धातूला सहसा थेट घासत नाही.

पण हे ग्रीस आत धरून ठेवतं कोण? घड्या-घड्यांचं एक रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात. दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळलेले. सीव्ही जॉइंटची सगळी काळजी या एका रबरापाशी येऊन थांबते. जॉइंट झिजून बूट फाटत नाही, बूट फाटतो म्हणून जॉइंट झिजतो. उलटं क्वचितच घडतं.

बुटाचं काम बघितलं तर त्याची कीव येते. गाडी वळत असताना बुटाची एक बाजू दबलेली आणि दुसरी ताणलेली असते. शाफ्ट फिरत असल्याने प्रत्येक घडी प्रत्येक फेरीत एकदा दबते, एकदा ताणते. वरून उन्हाळ्यात तापलेल्या डांबराची धग, पावसात चिखल, चाकाने उडवलेली खडी. कोकणातली लाल माती ओली असताना घड्यांत जाऊन बसते आणि वाळली की तिथेच घासते. शेतात गाडी घालायची सवय असेल तर कापसाची पऱ्हाटी आणि तुरीचे खुंट बुटाला भोक पाडू शकतात. काही वर्षांनी रबर कडक होतं, घडीच्या खोलगट भागात बारीक भेगा येतात, आणि एक दिवस त्यांतली एक आरपार जाते.

मग दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शाफ्ट गरगर फिरत असल्याने ग्रीस बाहेर फेकलं जातं, आणि त्याच भोकातून पाणी आणि रेती आत शिरते. उरलेलं ग्रीस आणि रेती मिळून पॉलिश पेपरला लाजवेल असा लगदा तयार होतो. या टप्प्यावर आवाज नसतो, थरथर नसते, गाडी झकास चालते. म्हणूनच बहुतेकांना पत्ता लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सीव्ही जॉइंटच्या बाबतीत कानावर विसंबणारा माणूस नेहमी उशिरा पोहोचतो. इथे डोळे वापरायचे.

बघायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा. पुढच्या चाकाच्या मागे आता हात जाईल एवढी जागा होते. मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहा. चाकाच्या मध्यामागे घड्यांचा काळा बूट दिसेल. घड्या ताणलेल्या असल्याने भेगा लपत नाहीत. मग स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवून तेच. बुटापेक्षाही जास्त बोलतात आजूबाजूच्या वस्तू: रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या कॅलिपरवर किंवा सस्पेन्शनच्या नळकांड्यावर काळ्या चिकट ग्रीसचे शिंतोडे रेघेत उडालेले असतील, तर बूट फाटला आहे, भेग दिसो वा न दिसो. आतल्या बाजूचा बूट असा दिसत नाही. गाडी रॅम्पवर चढेल तेव्हा मेकॅनिकला दाखवायला सांगायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिसच्या तक्त्यात ही तपासणी लिहिलेली असते. बिलावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण असते, प्रत्यक्षात टॉर्च कुणी लावलेला असेलच असं नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा स्वतः पाहिलं तर पुरे.

भेग वेळीच सापडली तर काम किरकोळ आहे. शाफ्ट काढायचा, जॉइंट खोलून स्वच्छ धुवायचा, नवं ग्रीस, नवा बूट, नवे क्लॅम्प. बुटाचा संच काही शे रुपयांत येतो. पण जॉइंट बदलायचा झाला तर खर्च हजारांत जातो. शाफ्ट उतरवायची मजुरी दोन्हीकडे जवळपास तीच.

नाही सापडली, तर मग येतो तो प्रसिद्ध आवाज. सोसायटीच्या पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण फिरवून बाहेर पडताना, यू-टर्न घेताना चाकाकडून कट-कट-कट. सरळ रस्त्यावर चिडीचूप. असं का? सरळ जाताना छर्रे खाचांच्या मधल्या थोड्याशा भागातच मागेपुढे होत असतात. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळच जातं, त्यामुळे झीज तिथेच होते आणि खाचेत बारीक खळगा पडतो. सरळ जाताना छर्रा त्या खळग्यातच सुखाने असतो. स्टिअरिंग फिरवलं की त्याला प्रत्येक फेरीत खळग्याची कड ओलांडून बाहेर पडावं लागतं आणि परत आत पडावं लागतं. कट-कट ती हीच. वेग वाढवला की ठेका वाढतो, ॲक्सिलरेटर दाबला की जोर वाढतो.

खात्री करायची असेल तर रिकामं मैदान शोधा, शक्यतो एका बाजूला भिंत असलेलं, म्हणजे आवाज परत येतो. काचा खाली, म्युझिक आणि एसी बंद. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पहिल्या गिअरमध्ये हळू गोल चक्कर, मधेच थोडा ॲक्सिलरेटर. मग उजवीकडे. मग दोन्ही रिव्हर्समध्येही, कारण काही जॉइंट उलटे जातानाच बोलतात. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या चाकाचा जॉइंट दोषी असतो, कारण गाडीचा भार तिकडे झुकतो. डावीकडे वळताना वाजला तर आधी उजवा तपासा. पण हा नियम दगडावरची रेघ नाही, शेवटचा शब्द हाताने हलवून पाहणाऱ्या मेकॅनिकचा.

आतला जॉइंट कट-कट करत नाही, तो थरथरतो. घाटात चढणीवर किंवा ओव्हरटेक करताना जोर दिला की गाडी डावी-उजवीकडे डुलल्यासारखी होते, पाय उचलला की एकदम शांत. किंवा ऑटोमॅटिक गाडी डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना, ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना ‘धप्प’ असा एक ठोका. जोर दिल्यावर येणं आणि पाय काढल्यावर जाणं ही त्याची ओळख.

इथेच निरपराध भाग बदलले जातात. एका ठरावीक वेगाला, म्हणजे ८०-९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी थांबत नाही? आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ असेल तर संशय व्हील बेअरिंगवर. स्पीड ब्रेकरवरून सरळ जाताना खडखडाट असेल तर सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट, सीव्ही नव्हे. गिअर टाकताना ठोका येतो पण शाफ्ट हलवून पाहिला तर ढिला नाही? मग इंजिनाचं माउंटिंग पाहा. ‘एक्सल गेलाय’ हे निदान गॅरेजच्या दारात उभ्याउभ्या झालं असेल तर एक चक्कर मेकॅनिकला शेजारी बसवून मारा.

आवाज सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून उपयोग होत नाही. आवाज काही दिवस दबतो, खळगा भरत नाही. विकायला काढलेल्या गाडीत हा उपाय हमखास केलेला सापडतो, त्यामुळे जुनी गाडी घेताना मैदानातली ती चक्कर मारा आणि एकाच बाजूचा बूट नवाकोरा दिसला तर कारण विचारा. बूट फाटलेला आहे पण आवाज नाही, अशा मधल्या अवस्थेत निर्णय जुन्या ग्रीसवरून घ्यायचा. बोटांवर घेऊन चोळा. मऊ लागलं तर धुऊन, नवं भरून जॉइंट वाचेल. कचकच लागली किंवा ग्रीस पाणी शिरून पांढुरकं झालं असेल, तर जॉइंट खोलून खाचा उजेडात पाहिल्याशिवाय त्यावर नवा बूट चढवू नका.

बदलायचंच ठरलं तर बाजारात तीन वाटा दिसतात. कंपनीचा पूर्ण शाफ्ट महाग. नामांकित सुट्या भागांच्या कंपनीचा फक्त बाहेरचा जॉइंट मधल्या किमतीला. आणि रिकंडिशन केलेला शाफ्ट स्वस्त. मी मधली वाट घेईन. रिकंडिशनमध्ये जुन्या खाचा घासून त्यांत किंचित मोठे छर्रे घातलेले असू शकतात, आणि ते काम किती काटेकोर झालंय हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. बूटही अखंडच घ्या. शाफ्ट न काढता बसवता येणारे, मधे चीर असलेले बूट मिळतात. तात्पुरते ठीक, पण चीर नेमकी सतत दुमडणाऱ्या रबरावर असते.

काम चालू असताना समोर उभं राहता आलं तर तीन-चार गोष्टींवर लक्ष ठेवा. ग्रीस संचासोबत आलेल्या पुडीतलंच, आणि पूर्ण पुडी. डब्यातलं साधं चॅसिसचं ग्रीस नको, आणि उदार होऊन दुप्पटही नको, बूट फुगतो. बाहेरच्या आणि आतल्या जॉइंटचं ग्रीस वेगळं असू शकतं. क्लॅम्प आवळण्याआधी बुटात कोंडलेली हवा सोडायची. हबवरचा, म्हणजे चाकाच्या मध्याशी असलेला मोठा नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो, तो नवा हवा आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावून घट्ट केलेला हवा. नळीचा दांडा लावून अंदाजाने आवळला तर त्याची किंमत पुढे व्हील बेअरिंग मोजतं. शाफ्ट काढून ठेवलेली गाडी चाकांवर ढकलू देऊ नका, बऱ्याच गाड्यांत तोच नट बेअरिंगला जागेवर धरून असतो. आणि शेवटी गिअरबॉक्सचं ऑइल: शाफ्ट उपसला की बहुतेक गाड्यांत तिथून ते गळतं. पातळी बघून भरलं का, हे विचारा. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये डाग पडला असेल तर शाफ्ट घालताना ऑइल सील दुखावलं आहे.

चालवण्याच्या सवयींचा वाटा थोडाच, पण आहे. स्टिअरिंग टोकाला नेऊन जोरात ॲक्सिलरेटर दाबणं या जॉइंटला सर्वांत जास्त छळतं. चिखलात रुतलेलं चाक गरगर फिरवत ठेवणं हाही तसाच छळ, वर ते चाक अचानक कोरड्या जागी टेकलं तर बसणारा झटका वेगळा. स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच करून घेतली असेल, तर सरळ रस्त्यावरही जॉइंट कायमचे जास्त कोनात फिरतात. हौस असते, पण शाफ्टच्या रचनाकाराने तो कोन धरलेला नसतो.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. पण ड्राइव्ह शाफ्ट आणि सीव्ही जॉइंट आहेतच. मोटर उभ्या जागेवरून पूर्ण टॉर्क देते, आणि पाय उचलला की रीजनरेशनमध्ये चाकच मोटरला फिरवायला लागतं. म्हणजे छर्ऱ्यांवरचा भार खाचेच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सतत जात राहतो. इंजिनाचा आवाज नसल्याने कट-कट मात्र लवकर ऐकू येते.

वाजणारा जॉइंट लगेच उद्या तुटेल असं नसतं. अशा जॉइंटवर लोक महिनोन्‌महिने गाडी चालवतात. पण केज फुटली आणि छर्रे निसटले, तर काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. इंजिन चालू, गिअर पडतो, ॲक्सिलरेटर दाबला की काटा वर जातो, आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणारा गिअरचा संच, सगळी ताकद मोकळ्या झालेल्या बाजूला सोडून देतो, चांगल्या चाकापर्यंत काही पोहोचत नाही. याचाच दुसरा अर्थ घाटात फार महत्त्वाचा आहे: ऑटोमॅटिकचं ‘पी’ किंवा मॅन्युअलमध्ये टाकून ठेवलेला पहिला गिअरही आता गाडीला धरून ठेवणार नाही, कारण तेही याच शाफ्टच्या भरवशावर असतात. पायाचा ब्रेक चालतो, हँडब्रेक चालतो. हँडब्रेक ओढा, सोबतच्या कुणाकडून उताराच्या बाजूने चाकांना दगड लावून घ्या, आणि मगच ब्रेकवरचा पाय काढून खाली उतरा. टोइंगसाठी फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मिळाला तर उत्तम, नाही तर पुढची चाकं उचलूनच न्यायला सांगा. लोंबकळणारा शाफ्ट चाकाबरोबर फिरत राहिला, तर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर त्याच्या अगदी हाताशी असतात.